किती आवळलंस?

गाडी सांगलीच्या विश्रामबाग चौकात बंद पडली तेव्हा मी पहिला संशय पेट्रोलवर घेतला. पेट्रोलवर संशय घ्यायला काही लागत नाही. पाना लागत नाही, वेळ लागत नाही, अक्कल तर अजिबात लागत नाही. मागून रिक्षावाल्याने हॉर्नचा सपाटा लावला, मी दोन किका मारल्या, गाडी सुरू झाली आणि शाळेच्या फाटकापर्यंत मी मनातल्या मनात पंपवाल्याचा उद्धार करत गेले.

गाडी म्हणजे स्प्लेंडर, 1998 ची, नंबर एमएच-10 चा. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, घेतलेली. ते रेल्वेतून निवृत्त झाले आणि पुढे त्यांच्या गुडघ्यांनी किक मारायला नकार दिला, तेव्हा ती माझ्याकडे आली. मिरजेहून सांगलीला रोज जायचं, यायचं. स्टाफरूममधल्या बाकी सगळ्या जणींकडे बटणावर सुरू होणाऱ्या स्कूटर आहेत. मीही घेईन म्हणते. दर दिवाळीला म्हणते. कुणी फारच विचारलं तर मायलेजचं कारण पुढे करते. खरं कारण असं की या गाडीच्या आत काय चाललंय ते मला कळतं. निदान तसा माझा समज होता.

दुखणं विचित्र होतं. सकाळी चोक ओढला की अर्ध्या किकेत सुरू. मोकळ्या रस्त्याला पन्नासच्या वेगाने काही तक्रार नाही, पिकअप ठीक, चढ ठीक. घोळ फक्त थांबल्यावर. रेस सोडली तरी इंजिनाचे फेरे लगेच खाली येत नव्हते; दोन-तीन सेकंद वरच लोंबकळायचे, मग एकदम खाली कोसळायचे, पुन्हा सावरून वर चढायचे, असं दोन-चार वेळा झालं की खोकल्यासारखा आवाज काढून बंद. उड्डाणपुलावरून उतरताना रेस सोडली की सायलेन्सरमधून फट्फट्. मागच्या सीटवर बसलेली माझी भाची म्हणाली, "मावशी, आपली गाडी लवंगी लावतेय."

आमच्याकडे गाडीच्या कुठल्याही दुखण्याला 'मिसिंग' म्हणतात. ताप आला, पोट दुखलं, पाय मुरगळला, सगळ्याला 'बरं नाही' म्हणावं तसं. माझ्या गाडीचं आयडलिंग, म्हणजे रेस सोडल्यावरची उभ्या गाडीची चाल, मिनिटाला 1400 फेऱ्यांच्या आसपास असायला हवं. चार स्ट्रोकच्या इंजिनात दोन फेऱ्यांमागे एक स्फोट, म्हणजे मिनिटाला 700, सेकंदाला साधारण 12. त्यातला एखादा चुकला तर कानाला लगेच कळतं. तबल्यात एक मात्रा गाळल्यावर न शिकलेल्यालाही कळतं, तसं. ते खरं मिसिंग, आणि त्याचा माग बहुधा ठिणगीपाशी निघतो. माझ्या गाडीत ठोका चुकत नव्हता. लय सरकत होती. हा फरक मला आज असा नेटका मांडता येतोय. तेव्हा मीसुद्धा गल्लीभर 'मिसिंग मारतीय' एवढंच सांगत फिरत होते.

गल्लीने सल्ले दिले. प्लग बदला. कॉइल बदला. अमक्या कंपनीचंच ऑइल टाका. गाडीच विका. एका गॅरेजवाल्याने गाडीवर न बसता, रेस न देता, नुसतं बघून निकाल दिला, "रिंगा गेल्यात ताई. इंजिन खोलावं लागंल." रिंगा, म्हणजे पिस्टनवरच्या कड्या, गेल्या असत्या तर सायलेन्सरमधून निळा धूर दिसला असता, ऑइल कमी झालं असतं. धूर नव्हता, डिपस्टिकवर ऑइल खुणेला होतं. मी म्हटलं, घरी बघते. तो हसला. त्या हसण्यात बाईमाणूस किती आणि विज्ञानाची बाई किती, हे मला वेगळं काढता आलं नाही.

हो, मी विज्ञान शिकवते. आठवीला आणि नववीला. प्रयोग करताना एका वेळी एकच घटक बदलायचा, बाकीचे तसेच ठेवायचे, हे वाक्य मी गेली एकवीस वर्षं दर जूनमध्ये फळ्यावर लिहिते आहे. आणि त्या रविवारी मी सकाळी नऊ ते दुपारी एक या वेळात प्लग बदलला, एअर फिल्टर झटकला, पेट्रोल आणि हवा मिसळणारा कार्ब्युरेटर उतरवून साफ केला, त्यावरचा एअर स्क्रू फिरवला आणि आयडलिंगचा स्क्रूही थोडा आत घेतला. संध्याकाळी गाडी जरा बरी वाटली. कशामुळे ते सांगायची सोय मी स्वतःच ठेवली नव्हती. बुधवारी ती पुन्हा विश्रामबाग चौकात बंद पडली.

मग शहाणपण आलं. एक वही केली, रोज एकच गोष्ट.

आधी प्लग. जुना प्लग टाकून दिला नव्हता, हे नशीब. नीट चाललेल्या इंजिनाचा प्लग टोकाला मारी बिस्किटाच्या रंगाचा असतो. काळी कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त, काळा आणि तेलकट असेल तर ऑइल वर चढतंय. माझा प्लग पांढुरका होता, राखुंडीसारखा. मी वहीत लिहिलं, 'पांढरा. काजळी नाही. छान.' हे 'छान' मी नंतर बऱ्याचदा वाचलं. पांढरा म्हणजे स्वच्छ नव्हे. पांढरा म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी आणि हवा जास्त, प्लग तापतोय. उत्तर पहिल्याच पानावर होतं आणि मी त्याला छान म्हणून पान उलटलं.

मग करंट. प्लग काढून टोपीत बसवायचा, त्याचं अंग इंजिनाच्या पंख्यांना टेकवायचं आणि किक मारायची. निळी, टणक ठिणगी आली. पण उघड्या हवेत उडणारी ठिणगी आठ-नऊ पट दाबलेल्या मिश्रणात उडेलच असं नाही. दाबात तिला जास्त व्होल्टेज लागतं. म्हणून रात्री अंगणातला दिवा घालवून, गाडी चालू ठेवून प्लगची वायर टोकापासून कॉइलपर्यंत बघितली. वायर कुठे चिरली असली तर अंधारात बारीक निळं जाळं दिसतं. दिसलं नाही. तरी वायरचं टोक नखाएवढं कापून टोपी पुन्हा पिळून बसवली, कारण वीस-पंचवीस वर्षांत टोकाची तांब्याची तार हिरवी पडलेली होती. लय सरकायची ती सरकतच राहिली.

टॅपेटही, म्हणजे व्हॉल्व्हच्या डोक्यावरची फट, बघितलं. हे काम मला मनापासून आवडतं. इंजिन गार हवं, म्हणून पहाटे, चहाच्या आधी. मॅग्नेटोवरची टीची खूण जुळवायची, दोन्ही झाकणं काढायची आणि फिलर गेजची पाती फटीत सरकवून बघायची. फट वहीच्या कागदापेक्षाही कमी. पाती अडखळत, पण जबरदस्ती न करता सरकली पाहिजे. बाहेर लोक टॅपेटच्या कटकट आवाजाला घाबरतात. घाबरायचं खरं तर आवाज न करणाऱ्या घट्ट टॅपेटला. व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, दाब निसटतो आणि व्हॉल्व्हची कड जळते. माझं टॅपेट ठीक निघालं. आईने आतून विचारलं, "झालं का गं? देवाजवळ दिवा लावायचाय. तुझं ते पेट्रोल लांब ने आधी." आमच्या घरात गाडीचं काम अंगणाच्या पार टोकाला होतं ते देवघरातल्या निरांजनामुळे. अण्णांनी घातलेला नियम आहे, चाळीस वर्षांचा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत सरकते, आणि ती कुठवर पोचली हे कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

राहिला कार्ब्युरेटर. तो मी चार वेळा उतरवला. चार वेळा! त्यातला पायलट जेट म्हणजे पितळेचा एवढासा स्क्रू, त्याला आरपार भोक, अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक. गाडी उभी असताना इंजिनाला पेट्रोल मिळतं ते मुख्यतः या एका भोकातून. त्यात पिवळट राळ साचली की आयडलिंग बिघडतं, म्हणून तोच गुन्हेगार असं मी ठरवून टाकलं होतं. तार घालायची नाही, भोक मोठं होतं. टूथब्रशचा एक केस घालायचा, पंक्चरवाल्याकडे नेऊन हवा मारून आणायची आणि आकाशाकडे धरून बघायचं. भोकातून आकाशाचा गोल ठिपका दिसला की साफ. चारही वेळा ठिपका स्वच्छ गोल दिसला. दुसऱ्या वेळेलाच माझ्या लक्षात यायला हवं होतं की मी दुखणं शोधत नाहीये. मला कार्ब्युरेटर साफ करता येतो, म्हणून मी कार्ब्युरेटर साफ करते आहे. नववीची मुलं भूमितीत हेच करतात. येणारं प्रमेय मिळेल तिथे लावतात.

मधल्या काळात पेट्रोलचा संशयही एकदा रीतसर मिटवून टाकला. शाळेच्या प्रयोगशाळेतून 100 मिलिलिटरचं मोजपात्र आणलं. 80 मिलिलिटर पेट्रोल, त्यात 10 मिलिलिटर पाणी, बूच लावून हलवलं, ठेवून दिलं. पाणी खाली बसतं. पण पेट्रोलमधलं इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्यात शिरतं आणि खालचा थर फुगतो. माझा थर 10 वरून 25 च्या आसपास गेला. म्हणजे पाचवा हिस्सा इथेनॉल, पंपावरच्या पाटीवर लिहिलेलं तेच. भेसळ नव्हती. पंपवाल्याची मी मनातल्या मनात माफी मागितली. उद्धारही तिथेच केला होता.

पण या प्रयोगाने वेगळीच गोष्ट हाताला लागली. साधं पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने 14.7 पट हवा लागते, इथेनॉलला 9 पट पुरते. म्हणजे इथेनॉल मिसळलेल्या इंधनाला त्याच हवेसाठी जास्त प्रमाणात आत यावं लागतं. इंजेक्शनच्या नव्या गाड्यांतला मेंदू काही प्रमाणात ते सांभाळून घेतो. माझ्या जेटचं भोक 1998 च्या पेट्रोलसाठी पाडलेलं; ते सांभाळून कुठून घेणार? म्हणजे माझी गाडी आधीच थोडी अर्धपोटी धावत होती. उसाच्या जिल्ह्यात राहून उसाबद्दल तक्रार करणं बरं दिसत नाही. आमच्या अर्ध्या पालकसभेचा ऊस कारखान्याला जातो, मळीचं इथेनॉल होतं आणि तेच शेवटी माझ्या टाकीत येतं. शिवाय देशात 20 टक्क्यांचं पेट्रोल फेब्रुवारी 2023 पासून मिळू लागलं, आणि माझं दुखणं जेमतेम दोन महिन्यांचं होतं. तारखा जुळत नव्हत्या.

दोन महिन्यांपूर्वी काय झालं होतं, हा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही. तो अण्णांनी विचारला.

अण्णा रेल्वेत फिटर होते, डब्यांच्या तपासणीवर. गाडी फलाटाला लागली की लांब दांड्याची हातोडी घेऊन चाकांवर ठोके मारत जायचं. धड चाक घंटेसारखं वाजतं. तडा गेलेलं चाक बद्द वाजतं. रात्री-अपरात्री, पावसात, इंजिनाच्या भोंग्यात तो एक बद्द आवाज वेगळा काढायचा. लहानपणी मी त्यांच्याबरोबर बाजारात गेले की ते मडकं, नारळ, कलिंगड, सगळं वाजवून घ्यायचे. आमच्या मागच्या गल्लीत सतारमेकर राहतात. तलवारींना धार लावणाऱ्या शिकलगारांमधल्या फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात मिरजेत तंतुवाद्यं करायला घेतली, तेव्हापासून शनिवार पेठेच्या त्या भागात भोपळे टांगलेले दिसतात. अण्णा ड्युटी नसली की तिथल्या एका काकांच्या दुकानात जाऊन बसायचे. गाणं त्यांना फारसं कळत नाही. तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेचा गुंजणारा झंकार, लागताना तार आधी मुकी, मग खरखरीत, आणि मग एकाएकी उघडते, तो क्षण ऐकायला ते जायचे. घरी येऊन सांगायचे, "आज एक उघडला."

त्याच कानांनी आता साथ सोडली आहे. डॉक्टर म्हणाले, वयाने थोडं, भोंग्यांनी बरंचसं. यंत्र आहे, पण गाडी सुरू झाली की ते यंत्र असं काही शिट्ट्या घालतं की अण्णा काढून खिशात ठेवतात. त्यामुळे महिनाभर मी अंगणात जे चालवलं होतं ते ते पायरीवर बसून मूकपटासारखं बघत होते. मी त्यांना विचारलं नव्हतं. ज्याला इंजिन ऐकूच येत नाही त्याला काय विचारायचं, असंच मला वाटलं होतं. लिहिताना वाईट दिसतंय, पण वाटलं होतं खरं.

चौथ्यांदा कार्ब्युरेटर बसवून गाडी सुरू केली, तापली, आणि पुन्हा वरखाली व्हायला लागली, तेव्हा ते काठी टेकत आले. टाकीवर तळहात ठेवला. डोळे मिटले. मग हात हँडलच्या टोकाला नेला, तिथे दोन बोटं टेकवली.

"थांबत नाही ही," ते म्हणाले. ऐकू येत नसल्यामुळे ते हल्ली ओरडून बोलतात, आणि तेवढं त्यांनाच माहीत नाही. "चाचपडतीय."

मी मान हलवली.

"चोक अर्धा कर."

"गरम गाडीला?" मी हातवाऱ्यांनी विचारलं.

"कर की!"

कार्ब्युरेटरवरचा खटका मी अर्धा वर केला. गाडी शांत झाली. फेरे जरा जड, पण एका जागी. महिनाभरात ती एवढी सरळ उभी राहिली नव्हती. खटका खाली, पुन्हा चाचपडणं. वर, शांत.

"चोक म्हणजे काय?" अण्णांनी मला, विज्ञानाच्या बाईला, भर अंगणात विचारलं आणि उत्तर स्वतःच दिलं. "हवा अडवायची. हवा अडवली की बरी होतीय. म्हणजे हिला पेट्रोल कमी पडतंय नाहीतर हवा जास्त होतीय. दुखणं एकच, शोधायच्या जागा दोन. पेट्रोलची जागा तू चारदा धुतलीस. आता हवेची बघ."

हवेची जागा! हवा फिल्टरमधून येते, कार्ब्युरेटरमधून जाते, पुढे इनलेट पाइपमधून इंजिनात. कार्ब्युरेटरच्या पुढे कुठे फट असली तर तिथून शिरणारी हवा मोजदादीत येत नाही. पेट्रोल न घेताच आत जाते. मेकॅनिक याला 'गाडी हवा घेते' म्हणतात. आणि हे फक्त थांबल्यावरच का? कारण रेस सोडली की स्लाइड, म्हणजे कार्ब्युरेटरमधली हवेची वाट उघडणारी-मिटणारी झडप, जवळजवळ मिटलेली असते. इंजिन आतून जोरात ओढत असतं आणि वाट अरुंद असते, त्यामुळे आत जाणारी हवा मुळात थोडी. त्यात चोरवाटेने आलेली चिमूटभर हवासुद्धा मोठा हिस्सा ठरते. रस्त्यावर स्लाइड वर उचललेली, हवेचा लोंढा चाललेला. त्यात ती चिमूट कुठल्या कुठे जाते. गार असताना चोक तिची भरपाई करतो. विश्रामबाग चौक, उड्डाणपुलाचा उतार, सकाळचा शहाणपणा, पांढरा प्लग, सगळं एका दमात जागेवर बसलं. मला आनंद झाला आणि त्याच वेळी स्वतःच्या वहीची लाज वाटली.

अशी फट शोधायला काही जण गरम इंजिनावर जोडापाशी पेट्रोल शिंपडतात. करू नका, एवढंच सांगते. अण्णांनी बोटावर ग्रीस घेतलं, इंजिन चालू असतानाच, हात भाजणार नाही अशा बेताने, कार्ब्युरेटर आणि इनलेट पाइप यांच्यामधल्या काळ्या बॅकेलाइटच्या ठोकळ्याभोवती फिरवायला सुरुवात केली. वरच्या कडेला काही नाही. बाजूला काही नाही. खालच्या कडेला, जिथे माझी नजर कधी गेलीच नसती, तिथे बोट पोचलं आणि फेरे झर्रकन खाली येऊन स्थिर झाले. ग्रीस आत ओढलं गेलं, फट मोकळी झाली, पुन्हा चाचपडणं सुरू. अण्णांचा दुसरा हात टाकीवर होता. त्यांना ते माझ्याइतकंच स्पष्ट कळलं होतं.

"दिवाळीच्या आधी हे तू काढलं होतंस," ते म्हणाले.

काढलं होतं. दुखणं नव्हतंच तेव्हा काही. घर साफ करताना गाडीही साफ केली, कार्ब्युरेटर उतरवून पुसून लख्ख करून लावला. संशयितांच्या यादीत हे काम आलं नाही, कारण ते चांगलं काम होतं. अण्णा सांगायचे, वर्कशॉपमधून दुरुस्त होऊन, रंग लावून आलेल्या डब्याकडे ते जुन्या डब्यापेक्षा जास्त रोखून बघायचे. जुना डबा परवापर्यंत धावलेला असतो. नव्याने जोडलेल्यात माणसाचा हात ताजा असतो.

"किती आवळलंस?"

हे त्यांनी एवढ्या मोठ्याने विचारलं की समोरच्या घरातल्या काकू गॅलरीत आल्या.

मी खूप आवळलं होतं. दोन बोल्ट, दहाच्या पान्याचे. अण्णांच्या पेटीत दहा-अकराचा एक लांब दांड्याचा रिंगपाना आहे, त्याने. पुन्हा सैल व्हायला नको म्हणून आधी एकदा, मग अंगाचा भार देऊन अजून एकदा. कार्ब्युरेटरचं अंग मऊ धातूचं असतं. दोन टोकांना ओढलं की त्याची तोंडाची पट्टी कानांपाशी पुढे वाकते आणि मध्ये खळगा राहतो. मधली रबरी ओ-रिंग थोडे दिवस दम धरून ती फट झाकत राहिली, मग चपटी होऊन तिनेही हात टेकले. त्यानंतर चार वेळा मी तेच उतरवलं आणि चारही वेळा, पूर्वीपेक्षा थोडं जास्त, आवळलं. सैल असेल म्हणून.

दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना ओ-रिंग घेतली. वीस रुपये. दुकानदार म्हणाला, एकच? मी दोन घेतल्या.

पट्टी वाकली आहे हे कसं बघायचं? स्टीलची पट्टी तिच्यावर उभी धरायची आणि मागे उजेड ठेवायचा. मला उजेडाची बारीक रेघ दिसली, दिसली नाही, असं होत राहिलं. अण्णा म्हणाले, सतारमेकरांकडे जा. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, कार्ब्युरेटर खिडकीकडे धरला आणि एका नजरेत सांगितलं, "मध्ये बाक आलाय." ते आयुष्यभर घोडीचा, म्हणजे तारांखालच्या पट्टीचा, माथा घासत आले आहेत. तंबोऱ्याच्या घोडीला सपाट माथा चालत नाही. तार तिला हलकेच चाटत गेली पाहिजे, म्हणून तिला अगदी किंचित उतार देतात, आणि तो किंचितपणा डोळ्याने नाही तर कानाने ठरतो. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचं कात्रण त्यांच्या कपाटाच्या काचेवर चिकटवलेलं आहे. "आम्ही बाक मुद्दाम आणतो," काका हसून म्हणाले. "तुम्हाला नकोय. काचेवर घासा. कानस लावू नका, ते तुमचं काम नाही."

मोडक्या शोकेसची जाड काच अंगणात पाटावर ठेवली, वर बारीक पॉलिश पेपर, थेंबभर ऑइल. कार्ब्युरेटरचं तोंड खाली करून इंग्रजी आठच्या आकड्यासारखं फिरवायचं, भार न देता. अण्णा शेजारी बसून दर थोड्या वेळाने हात पुढे करायचे, मी त्यांच्या हातात द्यायचे, ते अंगठा फिरवून परत द्यायचे. सुरुवातीला कानच चमकले, मधला भाग काळा. मग चमक पसरत मध्याकडे गेली. तास, सव्वा तास. फार घासलं तर ओ-रिंगची खाच उथळ होते, त्यामुळे खाचेची कड चमकली की थांबायचं. मग रॉकेलने धुऊन, हवा मारून, पुन्हा धुऊन. पॉलिश पेपरची वाळू इंजिनात गेली तर गॅरेजवाल्याचं भाकीत मीच खरं केलं असतं.

बोल्ट आवळायची वेळ आली तेव्हा अण्णांनी लांब पाना बाजूला सारला. टूलकिटमधला बोटभर पाना दिला. दोन्ही बोल्ट आधी बोटांनी, टेकेपर्यंत. मग या बाजूला पाव वळसा, त्या बाजूला पाव वळसा. मी तिसऱ्यांदा पाना लावायला गेले तर त्यांनी मनगट धरलं.

गाडी दुसऱ्या किकेला लागली. तापू दिली, चोक खाली. फेरे बरेच वर, कारण महिनाभर मी आयडलिंगचा स्क्रू आत आत घेत आले होते. तो सैल केला. एअर स्क्रू हलका बसवून तिथून बाहेर मोजत काढला. दीड वळशाच्या जरा पुढे इंजिन सगळ्यात मोकळं चाललं, तिथे ठेवला. परत आयडलिंग खाली. रेस दिली, सोडली. फेरे लोंबकळले नाहीत, सरळ खाली येऊन बसले. टक्टक्टक्टक्, सेकंदाला बारा. मी अण्णांकडे बघितलं. त्यांचा हात टाकीवर होता, डोळे मिटलेले, मान बारीक हलत होती. मला वाटलं आता ते 'उघडला' म्हणतील.

"पेट्रोल जाळू नकोस उगीच," ते ओरडले. "बंद कर!"

आता विश्रामबाग चौकात गाडी उभी राहते. फट्फट् बंद झाली, भाचीची थोडी निराशा झाली. प्लग परवा काढून बघितला, मारी बिस्किटाच्या रंगापेक्षा अजून थोडा फिका आहे. तो इथेनॉलचा वाटा असावा. एक नंबर मोठा पायलट जेट घालून बघायचा विचार आहे. एकच घटक, वहीत लिहून.

दहा-अकराचा लांब रिंगपाना मात्र पेटीत दिसत नाही. मी विचारलं तेव्हा अण्णांना ऐकू आलं नाही. त्यांच्या कपाटाचा खालचा कप्पा हल्ली ओढायला जड लागतो.